चार रेड इंक आणि पत्रावरची तारीख

सुट्टी संपल्यावर उशिरा हजर झाल्याच्या तीन आणि नव्या कंपनी कमांडरशी हुज्जत घातल्याची एक, अशा चार रेड इंक एंट्री (जवानाच्या नोंदपत्रात लाल शाईने लिहिलेल्या शिक्षा) दाखवून तुम्हाला तेरा वर्षांच्या नोकरीनंतर सैन्यातून डिस्चार्ज दिला. त्याविरुद्धचा अर्ज १२ एप्रिलच्या पत्राने फेटाळला गेला. ते पत्र साताऱ्याजवळच्या तुमच्या गावी ३ जूनला पोहोचलं. आता संरक्षणमंत्र्यांना निवेदन द्यावं का, असं तुम्ही विचारता.

देऊ नका. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, २००७ मधलं कलम २२ सहा महिन्यांची मुदत देतं, तीही अंतिम आदेश झाला त्या तारखेपासून. पत्र हाती पडल्याची तारीख तिथे नाही. म्हणजे तुमची मुदत १२ एप्रिललाच सुरू झाली. सप्टेंबर निम्मा सरलाय, तेव्हा ११ ऑक्टोबरच्या आत न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज दाखल झालाच पाहिजे. नोकरी सुटलेल्याला राहत्या ठिकाणच्या खंडपीठात जाता येतं, युनिट कुठेही असो. निवेदनांवर निवेदनं दिल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण 'मंत्र्यांच्या उत्तराची वाट पाहत होतो' हे कारण मी तरी न्यायाधिकरणापुढे मांडायला जाणार नाही.

आता मूळ मुद्दा. चार एंट्री झाल्या की डिस्चार्ज अटळ, असं युनिटमध्ये सांगतात. ते चूक आहे. सैन्य मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रानुसार आधी निःपक्ष प्राथमिक चौकशी हवी. नोकरीची वर्षं, कठीण पोस्टिंग, पेन्शन किती जवळ आलंय, हेही बघायला हवं. वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून डिस्चार्ज रद्द केला. तुमच्या पेन्शनच्या पंधरा वर्षांना दोनच कमी होती.

पण २०१९ च्या सतगुर सिंग प्रकरणात डिस्चार्ज कायम राहिला. शो-कॉज नोटीस देऊन उत्तराचा विचार झाला, तेवढं पुरे मानलं गेलं. आणि तुमचं उत्तर कोणी लिहिलं? क्लार्कने. तुम्ही न वाचता सही केलीत! वडिलांच्या आजारपणाचा त्यात एक शब्द नाही. हॉस्पिटलचे कागद होते, तर ते ट्रंकेत कशाला ठेवले? निकाल कुठे झुकेल हे म्हणूनच सांगवत नाही.

कमांडरने डूख धरला होता, हे खरं असेलही. पण तसा आरोप करायचा तर त्याला नावाने प्रतिवादी करावं लागतं आणि पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. सोबतचे जवान अजून नोकरीत आहेत, ते साक्षीला येतील असं धरून चालू नका. अर्जाचा भर प्राथमिक चौकशीवर ठेवा आणि तिची मूळ कागदपत्रं हजर करण्याची मागणी करा.

वकिलाकडे जाताना डिस्चार्ज बुक, नोटीस, हॉस्पिटलचे कागद न्या. पत्राचा लिफाफाही न्या. उशीर झालाच आणि तो माफ करून घ्यायची वेळ आली, तर पत्र कधी पोहोचलं ते दाखवणारा पोस्टाचा शिक्का त्यावरच असतो.