गाजराचे सोयरे कोण?

प्रश्न : राऊजवळच्या आमच्या मळ्यात बांधावर गाजरगवत माजले आहे. पाने हुबेहूब गाजराची. हे जंगली गाजरच ना? घरच्या बियाण्यासाठी लाल गाजर ठेवायचे आहे, त्यात याचा संकर होईल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : संकराची भीती मनातून काढून टाका. गाजरगवत सूर्यफुलाच्या कुळातले आहे. पानांच्या कातरीपलीकडे त्याचे गाजराशी काही नाते नाही. गाजराची भावकी म्हणजे धने, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू. फुलोरा छत्रीसारखा, आणि फळ पिकले की त्याच्या दोन फोडी होतात. आपण पेरतो ते गाजराचे ‘बी’ म्हणजे अशी एक फोड. घरचे बी भिंगाखाली धरा, त्याच्या उभ्या कंगोऱ्यांवर बारीक काटे दिसतील. विकतच्या बियांचे काटे घासून काढलेले असतात.

गाजराचा वंश (म्हणजे जवळच्या जातींचा गट), डॉकस, पूर्वी मुख्यतः या काट्यांवरून ओळखत. फळाला काट्यांऐवजी पंख असले की वंश वेगळा. डीएनए ताडून पाहिल्यावर ही खूण फसवी निघाली : काटे नि पंख एकाच घराण्यात बदलत गेलेले. म्हणून 2016 मध्ये असे कित्येक छोटे वंश डॉकसमध्ये घेतले आणि विशीतली जातींची संख्या चाळिशीच्या घरात गेली. अटलांटिक महासागरातल्या मडेरा बेटावरचे, लाकडी खोडाचे, माणसापेक्षा उंच वाढणारे मेलॅनोसेलिनमही आता डॉकसच! पेरणीच्या गाजराचे सर्वांत जवळचे जंगली नातेवाईक मात्र मध्य आशियातले निघाले.

तुम्हाला जपायचे आहे ते दुसऱ्या गाजरापासून. लाल, काळे, नारिंगी ही एकाच जातीची वाणे. माश्या-मधमाश्या त्यांचा सहज संकर करतात. युरोपीय नारिंगी वाणांना फुलण्यासाठी कित्येक आठवडे कडक थंडी लागते, ती माळव्यात क्वचितच मिळते. पण शेजारी काळे ‘पुसा असिता’ वाण फुलावर असेल, तर निदान एक किलोमीटर अंतर हवे.

डिसेंबर-जानेवारीत गाजरे उपटून एकसारखी, सरळ निवडा. खालचा भाग कापून गाभा पाहा. पिवळा, जाड गाभा नको. वरचा तिसरा हिस्सा आणि बोटभर पाला ठेवून पुन्हा लावा. चार-पाच झाडांवर भागवू नका, निदान पन्नास हवीत. नाहीतर पुढची पिढी खुजी, दुबळी होते. गाजर भरण्याआधीच दांडा काढणारी झाडे उपटून टाका, कारण ती सवय बियांतून उतरते.

गाजरगवत फुलण्याआधीच मुळासकट काढा, हातमोजे घालून. त्याने कातडीला खाज सुटते, पुरळ उठते.