मुलगी खोलीतून बाहेरच येत नाही, काय करू?

प्रश्न: ताई, माझी मुलगी 15 वर्षांची आहे, महिनाभर झाला नुसती खोलीत पडून असते, मैत्रिणींचे फोन पण घेत नाही, विचारलं की "काही नाही" म्हणून तोंड फिरवते. वयच आहे म्हणून सोडून देऊ का?

उत्तर: नका सोडू. या वयात दार लावून बसणं होतंच, पण आवडत्या गोष्टींतला रस जाणं, झोप-भूक बिघडणं हे 2 आठवड्यांच्या वर टिकलं तर डिप्रेशन असू शकतं, आणि मुलांमध्ये ते रडण्याऐवजी बऱ्याचदा चिडचिडीतून दिसतं, हे पालकांच्या लक्षातच येत नाही. समोर बसवून उलटतपासणी नको, सोबत चालताना, काम करताना सहज बोला, आणि ती बोलायला लागली की लगेच उपाय सांगू नका प्लीज, फक्त ऐका. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. नाही म्हणाली तरी काउन्सेलरची नाहीतर मानसोपचारतज्ज्ञाची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या, महिना म्हणजे खूप झाला.