सिजिलला ‘यंत्र’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: आपल्या हातानं एखादं चित्र, कोलाज किंवा चिन्ह तयार करायचं, त्यावर चित्त लावायचं आणि मनातली गोष्ट घडावी म्हणून साधना करायची, अशी जादूची एक पद्धत आहे. तिच्याविषयी मराठीत लिहिताना त्या चिन्हाला, म्हणजे सिजिलला, ‘यंत्र’ म्हटलं तर चालेल का? आणि त्यातल्या ‘फोकस’ (चित्त लावायची वस्तू) व ‘चार्ज करणं’ (चिन्हात शक्ती भरणं) यांना काय म्हणावं?

‘यंत्र’ सरसकट वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शब्द फार सुंदर आहे. ‘यम्’ म्हणजे आवरणं, ताब्यात ठेवणं. त्याला साधन दाखवणारा ‘त्र’ लागला. शस्त्र, वस्त्र यांतला तोच हा ‘त्र’. म्हणून कारखान्यातलंही यंत्र आणि देवतेचंही यंत्रच. ‘जंतरमंतर’मधलं जंतर हे याचंच बोलीतलं रूप. पण देवतेच्या यंत्राचा आकार ठरलेला असतो. श्रीयंत्र घ्या: मध्ये बिंदू, भोवती एकमेकांत गुंतलेले नऊ त्रिकोण, त्यांच्या छेदांतून झालेले ४३ लहान त्रिकोण, मग आठ आणि सोळा पाकळ्यांची कमळं, आणि सगळ्यांत बाहेर चार दारांची चौकोनी चौकट, म्हणजे भूपुर. काढणारा कोणीही असो, आकृती तीच राहते. तिथं स्वतःची कल्पना चालवायला वाव नाही, आणि यंत्राचं महत्त्व त्यातच आहे.

सिजिलचं नेमकं उलटं आहे. ही पद्धत आजच्या रूपात आली ती मुख्यतः ऑस्टिन ऑस्मन स्पेअर (१८८६–१९५६) या इंग्रज चित्रकारामुळे. १९१३ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात ती दिली आहे: इच्छा शब्दांत मांडायची, त्यातली अक्षरं एकमेकांत गुंफून एकच आकृती करायची आणि मूळ वाक्य मनाआड जाऊ द्यायचं. हल्ली वाक्यात दुसऱ्यांदा येणारी अक्षरं गाळण्याचीही रीत आहे. देवनागरीत हे छान जमतं. समजा वाक्य आहे ‘मला धीर मिळो’. काना-मात्रा सोडून अक्षरं राहिली म, ल, ध, र, म, ळ. दुसरा म गाळला. म, ल आणि ध या तिघांनाही उभा दंड आहे, तो एकच ठेवून तिन्ही अक्षरं त्याला लावायची, र तिरका टेकवायचा, ळ आडवा करून खाली बसवायचा आणि वरची शिरोरेषा काढून टाकायची. शिरोरेषा गेली की वाचायची सवयच मोडते. डोळ्यांना अक्षरं दिसेनाशी होतात आणि आकृती दिसू लागते. अशी आकृती एकाच माणसाची, एकाच हेतूसाठी असते, आणि काम झालं की बरेच जण ती जाळूनही टाकतात. तिला यंत्र म्हटलं तर दोन्ही परंपरांचं वेगळेपण पुसलं जातं.

मग काय म्हणावं? ‘सिजिल’ लॅटिन ‘सिगिल्लुम’वरून आला, अर्थ लहानशी खूण, शिक्का. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन डी या गणिती-ज्योतिष्यानं वापरलेल्या मेणाच्या कोरीव चकत्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्या शब्दशः सिजिल. या अर्थानं ‘मुद्रा’ अगदी चपखल, पण साधनेच्या संदर्भात मुद्रा म्हटलं की वाचकाला हाताची बोटं दिसतात. म्हणून मी ‘संकल्पचिन्ह’ सुचवेन. ‘इच्छाचिन्ह’ नको. इच्छा आपोआप होते, संकल्प करावा लागतो, आणि इथं सगळा भर त्या करण्यावर आहे.

एका ठिकाणी मात्र ‘यंत्र’च हवं: अंकांचे चौकोन. तीन बाय तीन घरांत १ ते ९ हे अंक असे मांडायचे की आडवी, उभी, तिरपी कशीही बेरीज १५ यावी. हाच चौकोन अग्रिपा या जर्मन विद्वानाच्या जादूवरच्या १५३३ च्या ग्रंथात शनीचा म्हणून येतो, आणि आपल्याकडे त्याला पंचदशी यंत्र म्हणतात. आणि वस्तू अंगावर बांधायची असेल तरच ‘ताईत’. तो अरबी ‘तावीज’वरून आला, मूळ अर्थ आश्रय मागणं.

‘फोकस’साठी लोक ‘केंद्रबिंदू’ लिहितात, ते मला पटत नाही. नेमका शब्द आहे ‘आलंबन’: चित्त ज्याचा आधार घेतं ते. पालीत तेच ‘आरम्मण’. बुद्धघोष या बौद्ध आचार्यानं पाचव्या शतकात ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ लिहिला, त्यात असं आलंबन हातानं घडवण्याची कृती आहे. पहाटेच्या रंगाची माती घ्यायची, तिच्यातले खडे-काड्या काढायच्या, एक वीत चार बोटं रुंदीची गोल चकती सारवून घोटायची आणि अडीच हातांवर बसून तिच्याकडे पाहायचं, ती मिटल्या डोळ्यांनाही तशीच दिसेपर्यंत. हे पृथ्वीकसिण; कसिण म्हणजे ध्यानासाठी समोर ठेवायची अशी वस्तू. ध्यानासाठीच ते असतं, पण ऋद्धी मिळवायच्या तर कसिणांवर प्रभुत्व हवं, असं तोच ग्रंथ पुढं सांगतो. म्हणजे घडवलेली वस्तू, एकाग्रता आणि अलौकिक शक्ती या तिन्हींचा धागा ‘आलंबन’ या शब्दाला आधीच जोडलेला आहे.

‘चार्ज करणं’ला तर घरचंच क्रियापद आहे: भारणं. ‘मंतरणं’ही चांगलं, पण त्याला मंत्र लागतो, भारण्याला तशी अट नाही. स्वर, श्वास, नाच, नुसतं टक लावून पाहणं, कशानंही चिन्ह भारता येतं. ‘अभिमंत्रित’ हा शब्द मंत्र खरोखर म्हटला असेल तिथंच ठेवा. वाक्यात असं येईल: ‘तिनं संकल्पचिन्ह रेखलं, आलंबन म्हणून समोर ठेवलं, भारलं आणि जाळलं.’

‘जादू’ बदलू नका. ‘अभिचार’ आणि ‘जादूटोणा’ यांत दुसऱ्याचं वाईट करण्याचा वास आहे, तो या पद्धतीला चिकटवणं अन्यायाचं होईल. ‘अध्यात्म’ म्हणून सोवळं नेसवणंही नको, कारण ही साधना करणारे लोक स्वतः जे करतात त्याला जादूच म्हणतात. हातचलाखीशी घोटाळा होईल असं वाटलं तर पहिल्या उल्लेखाला ‘जादूची साधना’ लिहा, पुढं नुसतं ‘जादू’ पुरे.