कावळा चिमणीचं पिल्लू उचलतो, तिथे ख्रिस्ती प्रेमाचा धडा कसा शोधायचा?

तुम्ही विचारलंय की देवाचं प्रेम निसर्गात दिसतं असं उपदेशात ऐकलं, म्हणून रोज सकाळी अंगणात बसायला लागलात. पण समोर कावळा चिमणीचं पिल्लू उचलून नेतो. मग यात प्रेम शोधायचं तरी कुठे?

पशुपक्षी एकमेकांशी कसे वागतात यात धडा शोधायला गेलं, की एक तर निराशा पदरी पडते, नाहीतर दिसतं ते सोडून भलतंच बघावं लागतं. पेलिकन पक्ष्याचं तेच झालं. पेलिकनची मादी स्वतःची छाती फोडून पिल्लांना रक्त पाजते, अशी मध्ययुगीन युरोपात समजूत होती. ख्रिस्ताचं प्रतीक म्हणून तो पक्षी कित्येक चर्चमध्ये कोरला गेला. भावना खरी होती, पण पक्षी तसं काही करत नाही. तो पिल्लांना मासे भरवतो.

येशूचं बघणं वेगळं आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १२व्या अध्यायात, तो म्हणतो, कावळ्यांचा विचार करा. तुमच्या अंगणात येतो त्याच जातकुळीचा पक्षी, आणि जुन्या करारातल्या लेवीय ११ प्रमाणे खायला अशुद्ध. येशू त्याचा एकही गुण सांगत नाही. तो पेरत नाही, कापत नाही, त्याला कोठार नाही, तरी देव त्याला खायला घालतो, एवढंच सांगतो. म्हणजे कावळा कसा वागतो ते बाजूला ठेवायचं आणि त्याला काय मिळतंय ते बघायचं. त्याच अध्यायात चिमण्याही आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला विकतात, लूककडे पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब मांडून बघा: पैसे चारच चिमण्यांचे, पाचवी वर घातलेली. बाजारात जिची किंमतच धरली नाही, तिचाही देवाला विसर पडत नाही. हे वचन वाचताना मला दरवेळी भरून येतं.

पिल्लाचं काय, हा तुमचा प्रश्न तरीही उरतोच. चिमणी कधी जमिनीवर पडणारच नाही, असं येशूनं कुठेही म्हटलेलं नाही. पित्याच्या नकळत पडत नाही, एवढंच तो म्हणतो, आणि तेही छळाला सामोरं जायला निघालेल्या शिष्यांना. प्रेषित पौलही रोमकरांस पत्रात सगळी सृष्टी कण्हते आहे असं लिहितो. ते कण्हणं तुम्हाला ऐकू आलं, यात तुमचं बघणं चुकलेलं नाही.

निसर्गातला प्रेमाचा सगळ्यात अवघड धडा मला पावसात सापडतो. मी नाशिक जिल्ह्यातला, घरची द्राक्षबाग आहे. मृगाचा पाऊस बांध बघून पडत नाही. बांधावरूनच ज्या शेजाऱ्याशी आमचं बोलणं बंद आहे, त्याच्या विहिरीलाही आमच्याइतकंच पाणी येतं. मत्तय ५:४५ मध्ये देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो असं आहे. संकट चांगल्या-वाईट सगळ्यांवरच येतं, असं समजावताना बरेच जण हे वचन सांगतात. मला ते पटत नाही. येशूच्या देशात उन्हाळाभर थेंब पडत नाही, साधारण ऑक्टोबरात पहिला पाऊस आला की नांगर चालतो. तिथे पाऊस म्हणजे भाकरी. आणि त्या वचनाच्या अगदी आधीचं वाक्य आहे: आपल्या वैऱ्यांवर प्रेम करा. ढग भरून आले की मला ते वाक्य आठवतं, आणि त्या शेजाऱ्याच्या घराकडे नजर जाते.

वेलीबद्दलही लिहितो, कारण येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो तो योहान १५ सगळ्यांना माहीत असतो, पण बाग जवळून पाहिलेली नसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरच्या, सगळ्या काड्या कापून फक्त खुंट ठेवतात. भर उन्हात बाग इतकी उघडी पडते की नवखा माणूस म्हणेल, मेली. नंतर फुटणाऱ्या काड्यांना घड दिसत नाहीत, पण पुढच्या हंगामाचे घड त्याच काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे कळ्यांत, आतल्या आत घडत असतात. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की ते बाहेर येतात. तेवढे महिने काडीला एकच काम असतं, वेलीला धरून राहायचं. 'माझ्यामध्ये राहा' हे मला बागेतच उमगलं. आणि फळ कोणतं, तेही त्याच अध्यायात आहे: मी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा.

मात्र ज्याच्या घरात दुःख झालंय त्याला 'देव तुझी छाटणी करतोय' असं कृपा करून सांगू नका. योहान १५ च्या तिसऱ्या वचनात शिष्यांना शुद्ध करतं ते येशूचं वचन आहे, घरातला मृत्यू नाही.

उद्या अंगणात बसताना बायबलमधलं स्तोत्र १०४ सोबत ठेवा. त्यात झरे आहेत, करकोचे आहेत, रानबकरे आहेत, आणि २१व्या ओळीत सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जना करत देवाकडे अन्न मागतात. ते भक्ष्य कोणाचं, हे स्तोत्रकर्ता सांगत नाही. तिथे घाईनं उत्तर काढू नका. मला विचारलात तसाच तो प्रश्न प्रार्थनेत देवालाही विचारा.