"नोंद करून घेतलीय" म्हणजे बुकिंग नव्हे

बायकोच्या चाळिशीसाठी हॉटेलच्या रूफटॉप बारमध्ये टेबल हवंय, हॉटेलात फोन केला तर "नोंद करून घेतलीय" म्हणाले, आता निर्धास्त राहू का, असं तुम्ही विचारलंय. नका राहू.

कुठलं हॉटेल चांगलं ते बाकीचे सांगतीलच. आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मीही असाच हॉटेलच्या मुख्य नंबरवर फोन केला होता. नोंद झाली म्हणाले. चार दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. थेट रेस्टॉरंटला फोन जोडून द्या, असं मी एकदाही म्हटलं नाही. तीच चूक. ठरल्या वेळी पोचलो तर रेस्टॉरंटच्या यादीत आमचं नाव नव्हतं आणि सगळा बार एका कंपनीच्या पार्टीला दिलेला होता. रिसेप्शन म्हणे वर विचारा, वरचे म्हणे रिसेप्शनला विचारा. सूट घातलेले बाबा चाळीस मिनिटं लॉबीत उभे होते. शेवटी खालच्या कॉफी शॉपमध्ये जेवलो. "अगं, इथंही छानच आहे," असं आई म्हणत राहिली, ते अजून आठवतं. लेखी तक्रार केली, "संबंधित विभागाकडे पाठवली आहे" एवढंच उत्तर आलं. पुढे काही नाही.

नंतर कळलं की बऱ्याच हॉटेलांत खोल्यांचं आणि रेस्टॉरंटचं बुकिंग वेगवेगळं चालतं. काही ठिकाणी तर रेस्टॉरंट चालवणारी कंपनीच दुसरी असते. म्हणून रेस्टॉरंटच्या मॅनेजरशीच बोला आणि तारीख, वेळ, माणसं, टेबल आत की बाहेर, हे सगळं मेसेजवर लेखी मागा. त्या रात्री खासगी पार्टी आहे का आणि टेबल किती वेळ आपलं, हेही विचारा. अनेक ठिकाणी दोन तासांनी उठवतात.

नियम जागेप्रमाणे बदलतात, त्यामुळे माझं म्हणणं पडताळून घ्या. न्यूयॉर्कच्या कार्लाइल हॉटेलातल्या बेमेलमन्स बारमध्ये रात्री संगीत सुरू झालं की कव्हर चार्ज, म्हणजे खाण्यापिण्याच्या बिलाशिवाय माणशी वेगळी रक्कम, लागतो. लंडनच्या ड्यूक्स बारमध्ये मार्टिनी हे कडक कॉकटेल माणशी दोनच देतात. न्यू ऑर्लीन्सच्या मॉन्टेलिऑन हॉटेलात 1949 पासून फिरता कॅरोसेल बार आहे, पण त्या फिरत्या काउंटरला खुर्च्या फक्त 25. चांगल्या बारच्या जुन्या याद्यांवरही विसंबू नका. टोकियोच्या पार्क हयातचा 52व्या मजल्यावरचा न्यूयॉर्क बार सगळ्या याद्यांत असतो, पण 2024 च्या मे महिन्यात ते अख्खं हॉटेल नूतनीकरणासाठी बंद झालं होतं.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर रूफटॉपचा हट्ट सोडा. वारा, मोठा आवाज, फोटो काढणाऱ्यांची गर्दी, यात दोघांचं बोलणं होत नाही. मंद दिव्यांचा, लाकडी काउंटरचा आतला बार केव्हाही बरा. दोघंच असाल तर काउंटरच्याच खुर्च्या मागा, बारटेंडरशी गप्पाही होतात. रूफटॉपच हवा असेल तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा, आणि पाऊस आला तर आत जागा राखून ठेवतात का ते आधी विचारा.

फोन दुपारी तीन ते पाचच्या मध्ये करा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, मॅनेजर नीट ऐकून घेतो.