सीआरपी १८ आला म्हणजे अल्झायमर का?

तुमच्या आईंचा सीआरपी (अंगात सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) १८ आलाय, म्हणजे वाढलेला आहे, विसरभोळेपणाही वाढलाय, तेव्हा ही मेंदूतली सूज असेल का आणि इंटरल्युकिन-६ (सुजेचा निरोप पोचवणारं प्रथिन) याचीही तपासणी करून घ्यावी का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत विचाराल तर इंटरल्युकिनवर पैसे घालू नका.

सीआरपी यकृतात तयार होतो. अंगात कुठेही सूज आली की इंटरल्युकिन-६ यकृताला कामाला लावतं आणि सीआरपी चढतो. मग कारण दाढेचं असो, सांध्याचं की लघवीतल्या संसर्गाचं, रिपोर्टवर नुसता आकडा दिसतो. अल्झायमरमध्ये मेंदूत सूज असते हे खरं. साचलेल्या अमायलॉइड या प्रथिनाभोवती मायक्रोग्लिया आणि अ‍ॅस्ट्रोसाइट या पेशी खवळलेल्या असतात. पण त्याचा रक्तात फारसा पत्ता लागत नाही. कित्येक रुग्णांचा सीआरपी अगदी नॉर्मल असतो. मोठ्या गटांच्या सरासरीत थोडाफार फरक सापडतो, पण निरोगी आणि आजारी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्यादुकट्या रिपोर्टवरून काही ठरवता येत नाही.

त्यातल्या त्यात मेंदूच्या जवळचा मार्कर, म्हणजे रक्तात सापडणारी आजाराची खूण, तो जीएफएपी. हे अ‍ॅस्ट्रोसाइटमधलं प्रथिन, अमायलॉइड साचू लागलं की रक्तात बरंच लवकर वाढतं. मात्र डोक्याला मार लागला तरी वाढतंच. अल्झायमरच्या निदानात आज खरं वजन आहे ते पी-टाऊ २१७ला (टाऊ या मेंदूतल्या प्रथिनाचं बदललेलं रूप), आणि तो मुळात सुजेचा मार्करच नाही. अमेरिकेत एफडीएने (तिथली औषधं आणि तपासण्यांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये त्याच्यावर आधारलेल्या रक्ततपासणीला परवानगी दिली, तीही ५५ वर्षांपुढच्या, लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञांकडे दाखवत असलेल्या लोकांपुरती.

(सूज आहे तर सुजेच्या गोळ्या देऊ, हा विचार करून झालाय. नेप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब, दोन्ही चाचण्यांत फोल ठरली. घरच्या घरी सुरू करू नका. पोट आणि किडनी दोन्ही दुखावतील.)

मला काळजी वाटते ती त्या १८ची. विसरणं वर्षा-दोन वर्षांत हळूहळू वाढलं की गेल्या चार-सहा दिवसांत, हे आधी आठवून बघा. म्हाताऱ्या माणसांना लघवीचा किंवा छातीचा संसर्ग झाला तर ताप नसतानाही भ्रम होतो: दुपारी ठीक असतात, संध्याकाळी चादर चिमटत बसतात, नसलेल्या माणसांशी बोलतात, बोलता बोलता डुलकी घेतात. असं काही असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. तसं नसेल तरी लघवीची तपासणी, बी-१२ आणि थायरॉइड करून घ्या, दात दाखवा. संसर्ग सापडला तर उपचार पूर्ण होऊन त्या सावरल्यावरच स्मृतीची चाचणी ठेवा, त्याआधी केलेली धरू नका.