मार्टिन नावाची गोष्ट

प्रश्न: मुलीला शाळेत मार्टिन ल्युथर किंग यांच्यावर प्रोजेक्ट आहे. नेटवर शोधताना 500 वर्षांपूर्वीचा जर्मन मार्टिन ल्युथरही सापडला. दोघांचा काही संबंध आहे का? आणि मार्टिन हे नाव मुळात आलं कुठून?

उत्तर: संबंध आहे, फक्त रक्ताचा नाही. किंग 15 जानेवारी 1929 ला अटलांटात जन्मले तेव्हा त्यांचं नाव मायकल होतं, वडिलांचंही मायकलच. वडील पाद्री, 1934 मध्ये बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या जागतिक परिषदेला बर्लिनला गेले, धर्मसुधारक ल्युथरची जर्मनी बघून आले आणि मग स्वतःचं आणि पाच वर्षांच्या पोराचं, दोघांचंही नाव बदलून टाकलं. जन्मदाखल्यात दुरुस्ती मात्र थेट 1957 ला झाली, म्हणजे माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी घातलेल्या बहिष्काराने माणूस आधी गाजला आणि कागद मागाहून आला, सरकारी कामं सगळीकडे सारखीच!

आता ल्युथरचं. तो 10 नोव्हेंबर 1483 ला आइस्लेबेनला जन्मला, दुसऱ्याच दिवशी बाप्तिस्मा झाला आणि 11 नोव्हेंबर म्हणजे संत मार्टिनचा सण. ज्या संताचा दिवस त्याचंच नाव बाळाला, तेव्हा असंच चालायचं. गंमत बघा, पुढे संतांकडे नवस-साकडं घालण्याला ज्याने कडाडून विरोध केला तो स्वतः जन्मभर एका संताचंच नाव लावत होता.

हा संत चौथ्या शतकातला, जन्म आजच्या हंगेरीत. बाप रोमन फौजेत आणि पोराचं नाव मार्टिनुस, म्हणजे मार्सचा. मार्स हा रोमनांचा युद्धदेव, आपण ज्याला मंगळ म्हणतो तो ग्रहही त्याच्याच नावाचा आणि मार्च महिनासुद्धा. पोरगाही घोडदळात गेला. आजच्या फ्रान्समधल्या आमियां शहराच्या वेशीवर थंडीत कुडकुडणारा एक उघडा भिकारी दिसला तर याने तलवारीने अंगावरचा झगा उभा फाडला आणि अर्धा त्याला देऊन टाकला, अशी कथा आहे. मग फौज सोडली, तिकडच्याच तूर शहराचा बिशप झाला, 397 मध्ये वारला. लढाई सोडलेल्या या माणसाचा झगा पुढे तिथलेच फ्रँक टोळीचे राजे लढाईवर जाताना सोबत न्यायचे, याला काय म्हणावं!

नाव पसरलं ते युद्धदेवामुळे नाही, या संतामुळेच. फ्रान्समध्ये मार्टिन हे आज सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे (तिकडे उच्चार मार्तँ). पोर्तुगालमध्ये 11 नोव्हेंबरला भाजलेले चेस्टनट आणि नवी वाइन असा बेत असतो, आणि मार्टिनचा मुलगा तो मार्टिन्स. गोव्यात दुकानांच्या पाट्यांवर दिसतं ते मार्टिन्स आडनाव पोर्तुगीजांबरोबर आलेलं हेच.